महिन्याचं रत्न घेण्याआधी: नावांचे घोळ, खड्याची पारख आणि बिल

अभ्रक

नमस्कार. जन्ममहिन्याच्या खड्यांबद्दलचे प्रश्न इथे दहा धाग्यांत विखुरलेत, ते एका जागी यावेत म्हणून हा धागा काढतो आहे. ग्रह, फळ, बोट, वार हा विषय कृपया इथे नको. इथे फक्त खड्याबद्दल बोलू: तो कसा ओळखायचा, कसा बसवायचा आणि किती टिकतो.

आधी यादीबद्दल. जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला अ‍ॅमेथिस्ट अशी जी पाटी दुकानात लावलेली असते, ती अमेरिकेतल्या सराफांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९१२ साली कॅन्सस सिटीत ठरवली. त्याआधी युरोपात बऱ्याच याद्या होत्या. त्यांचं मूळ बायबलातल्या धर्मगुरूच्या छातीवरच्या पट्टातल्या बारा खड्यांपर्यंत नेतात, पण त्या बारा हिब्रू नावांचे दगड नेमके कोणते यावरच एकमत नाही. त्यामुळे याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि व्यापाराला एक यादी हवी होती. १९५२ साली तीत भर पडली: जूनला अलेक्झांड्राइट, नोव्हेंबरला सिट्रिन, आणि डिसेंबरला लाजवर्दाच्या (लॅपिस लाझुलीच्या) जागी झिरकॉन. २००२ मध्ये डिसेंबरला टांझानाइट जोडलं, २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल. टांझानाइट तर १९६७ साली टांझानियातल्या मेरेलानी टेकड्यांत सापडलं. म्हणजे पहिली यादी झाली तेव्हा हा खडा कुणी पाहिलेलाही नव्हता.

आपली नवरत्नं ही वेगळी परंपरा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांच्या परीक्षेवर वेगळे अध्याय आहेत, पण महिन्याप्रमाणे रत्न वाटून दिलेलं नाही. राशीरत्न हे आणखी तिसरं प्रकरण. हे तीन हिशोब एकत्र आले की गोंधळ होतो. गिऱ्हाईक नोव्हेंबरचा खडा मागतं, काउंटरवरचा माणूस पुष्कराजाचा ट्रे काढतो, आणि दोघंही वेगवेगळ्या दगडाबद्दल बोलत असतात.

आताची यादी अशी: जानेवारी गार्नेट, फेब्रुवारी अ‍ॅमेथिस्ट, मार्च अ‍ॅक्वामरीन किंवा ब्लडस्टोन, एप्रिल हिरा, मे पाचू, जून मोती, चंद्रकांत (मूनस्टोन), अलेक्झांड्राइट, जुलै माणिक, ऑगस्ट पेरिडॉट, स्पिनेल, सार्डोनिक्स, सप्टेंबर नीलम, ऑक्टोबर ओपल, टुरमलिन, नोव्हेंबर टोपाझ, सिट्रिन, डिसेंबर फिरोजा, झिरकॉन, टांझानाइट.

खरेदीच्या दृष्टीनं यादीपेक्षा एक आकडा जास्त महत्त्वाचा: मोह्स मापावर, म्हणजे खनिजांच्या कठीणतेच्या १ ते १० या मापावर, ७. घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि त्यांची कठीणता ७ आहे. त्यापेक्षा मऊ खडा रोजच्या अंगठीत घातला की कपड्यानं पुसतानाही ओरखडे पडत जातात आणि दोन-तीन वर्षांत चकाकी जाते. टांझानाइट, ओपल, फिरोजा, चंद्रकांत हे सगळे ७ च्या खाली. पेरिडॉट साडेसहा ते सात. मोती तर अडीच-तीन. हे कानातल्यात किंवा पदकात घ्या, अंगठीत शक्यतो नको. हिरा १०, माणिक-नीलम ९, अलेक्झांड्राइट साडेआठ, टोपाझ आणि स्पिनेल ८. हे अंगठीला चालतात. टोपाझबद्दल एक सावधगिरी: कठीण असूनही तो एका पातळीत सरळ फुटतो. ओट्याच्या कडेवर एकच फटका बसला तरी दोन तुकडे होऊ शकतात.

शिंपला

छान धागा. नोव्हेंबरबद्दलच विचारायचं होतं. पिवळा खडा दाखवून एक दुकानदार 'पुष्कराज' म्हणतो, दुसरा 'सुनेला', तिसरा 'टोपाझ'. दिसायला तिन्ही एकसारखे. घरी ओळखण्याची काही रीत आहे का?

कुरुंद

शिंपलाताई, हे तीन वेगळे दगड आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. खनिज कोरंडम, म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे तेच. टोपाझ हे वेगळं खनिज. सुनेला म्हणजे सिट्रिन, पिवळं क्वार्ट्झ, गारगोटीच्याच घरातलं. बाजारातला गडद सोनेरी-नारिंगी सुनेला बहुतेक वेळा अ‍ॅमेथिस्ट तापवून केलेला असतो. नैसर्गिक सिट्रिनचा रंग सहसा फिकट असतो. तापवल्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण त्याला पुष्कराजाचा भाव देऊ नये.

खडा सुटा असेल, दागिन्यात बसवलेला नसेल, तर घरच्या घरी घनता काढता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा चालतो, ०.००१ चा असेल तर उत्तम.

आधी खडा साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा करा आणि त्याचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर छोटा प्लास्टिकचा पेला ठेवा, अर्धा पाण्यानं भरा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि काटा शून्यावर आणा. खडा शिवणाच्या बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तो तळाला किंवा कडेला लागता कामा नये. दोरा हातात धरला तर आकडा थरथरतो, म्हणून दोन पुस्तकांवर आडवी पट्टी ठेवून तिला बांधा. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा.

समजा कोरडं वजन १.०६ ग्रॅम. पाण्यात काट्यावर ०.४० आलं तर घनता २.६५: क्वार्ट्झ, म्हणजे सुनेला. ०.३० आलं तर ३.५३: टोपाझ. ०.२६ किंवा ०.२७ आलं तर ४ च्या आसपास: कोरंडम.

चूक दोन ठिकाणी होते. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर पाण्यातला आकडा वाढतो आणि घनता कमी येते. साबणाचा थेंब त्यासाठीच. खडा तळाला टेकला तर आकडा भलताच मोठा येतो. अर्ध्या ग्रॅमपेक्षा लहान खड्याला ०.०१ च्या काट्यावर ही रीत वापरू नका, शेवटच्या अंकाची चूकच उत्तर बदलून टाकते. आणि मोती, ओपल, फिरोजा या सच्छिद्र वस्तू यासाठी पाण्यात बुडवू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. घनता ४ आली म्हणजे कोरंडम, एवढंच कळतं. तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, तापवलेला की बेरिलियम घालून रंग चढवलेला, हे काटा सांगत नाही. त्यासाठी लॅबकडेच जावं लागतं.

एकमासा

थोडी हरकत. शब्दकोशात टोपाझ शब्दापुढे पुष्कराज असंच दिलेलं असतं. मग टोपाझला पुष्कराज म्हणणारा दुकानदार लबाड कसा?

कुरुंद

लबाड म्हणत नाही, शब्दकोशात ते आहे हेही खरं. जुन्या काळी पिवळ्या पारदर्शक खड्यांना सरसकट एकच नाव असे, इकडेही आणि युरोपातही. पण आज सराफ बाजारात, विशेषतः नवरत्नांच्या हिशोबात, पुष्कराज म्हणून जो भाव सांगतात तो पिवळ्या नीलमाचा. नाव शब्दकोशातलं आणि भाव बाजारातला, असा व्यवहार झाला की नुकसान गिऱ्हाइकाचं. म्हणून बिलावर नुसतं 'पुष्कराज' नको. 'नैसर्गिक यलो सफायर' किंवा 'नैसर्गिक टोपाझ' असं खनिजाचं नाव लिहून घ्यावं. जो देतो आहे तेच लिहायचं आहे, तर हरकत असायचं कारण नाही.

निळ्या टोपाझाबद्दलही इथेच सांगतो. बाजारातला जवळजवळ सगळा गडद निळा टोपाझ हा रंगहीन टोपाझावर किरणोत्सर्गाचा मारा करून मग तापवलेला असतो. रंग टिकाऊ आहे, घालायला हरकत नाही. फक्त 'दुर्मिळ' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

एकमासा

मान्य. मग वजनाचं माझ्याकडून घ्या, कारण फसगत तिथेही तितकीच होते.

'सवापाच रत्तीचा खडा' म्हणजे किती? जुन्या हिशोबात ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला की गुंज ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे ०.६१ कॅरेट. पण रत्नांच्या दुकानात बऱ्याच ठिकाणी 'पक्की रत्ती' चालते, ती साधारण ०.१८२ ग्रॅम, म्हणजे ०.९१ कॅरेट. पहिल्या हिशोबानं सवापाच रत्ती ३.१९ कॅरेट, दुसऱ्या हिशोबानं ४.७८ कॅरेट. शब्द एकच आणि फरक दीडपटीचा. भाव पक्क्या रत्तीचा लावला आणि खडा गुंजेच्या मापाचा दिला, तर गिऱ्हाइकाला समजणारही नाही.

कॅरेट मात्र जगभर एकच: २०० मिलिग्रॅम. भाव 'कॅरेटला किती' असाच विचारा, वजन कॅरेटमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून घ्या, आणि खडा कोंदणात जाण्याआधी तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. सोन्याचं कॅरेट शुद्धतेचं, खड्याचं कॅरेट वजनाचं. मराठीत शब्द एकच असल्यानं बिल वाचताना गल्लत होते.

सावली_दुपारची

डिसेंबरसाठी झिरकॉन आहे असं वाचलं. पण दुकानात झरकनचे सेट तर खूप स्वस्त मिळतात. हाच का तो?

गारगोटी

नाही. ही सगळ्यात जास्त गैरसमजाची जोडी आहे. दुकानात 'झरकन' किंवा 'अमेरिकन डायमंड' म्हणून जे मिळतं ते क्यूबिक झिरकोनिया, कारखान्यात बनवलेलं. झिरकॉन हे नैसर्गिक खनिज आहे, आणि पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खनिजकणांत त्याची गणना होते: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये मिळालेले झिरकॉनचे कण सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दागिन्यांतला निळा झिरकॉन मुख्यतः कंबोडियाच्या रत्नकिरी प्रांतातून येतो. नाव ओळखीचं वाटेल. ते संस्कृतातलं रत्न आणि गिरीच आहे. तिथे खणताना तो तपकिरी असतो, तापवल्यावर निळा होतो.

ओळखायची खूण सोपी. दहापटीचं भिंग घ्या. खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत बघा आणि मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडांवर नजर ठेवा. झिरकॉनमध्ये त्या कडा दुहेरी दिसतात, एकाला लागून दुसरी. क्यूबिक झिरकोनियात आणि काचेत कडा एकेरीच. मात्र एका दिशेनं पाहिलं तर झिरकॉनमध्येही दुहेरीपण नाहीसं होतं, म्हणून खडा तिरपा करून तीन-चार बाजूंनी बघायचा. पेरिडॉटमध्येही असंच दुहेरीपण दिसतं, पण त्याचा शेवाळी हिरवा रंग वेगळा कळतो.

झिरकॉन ठिसूळ आहे. बरेच झिरकॉन एकाच कागदाच्या पुडीत ठेवले तर एकमेकांवर घासून कडा झिजतात. घेताना भिंगातून कडा नक्की पाहा, आणि घरी दुसऱ्या खड्यांबरोबर एका डबीत टाकू नका.

काळा_कातळ

फेब्रुवारी आणि मार्चबद्दल फार कुणी लिहीत नाही, आणि आपल्याशी खरा संबंध त्याच महिन्यांचा आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्हा थंड होताना वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजं साचत गेली. त्यांतच गारगोट्या, अकीक, अ‍ॅमेथिस्टचे जांभळे स्फटिक आणि हिरव्यावर लाल ठिपक्यांचा ब्लडस्टोन मिळतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पोकळ्यांमधली खनिजं पाहता येतात. मुलांना दाखवायला फार चांगली जागा आहे.

अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग लोहाच्या अंशामुळे आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे येतो. तो उन्हात फिका पडतो. देवघराच्या किंवा खिडकीच्या उन्हात महिनोन्‌महिने ठेवलेला स्फटिक परत पहिल्यासारखा होत नाही. रोज घालायला हरकत नाही, ठेवताना मात्र अंधारात ठेवा.

मार्चसाठी रोजची अंगठी हवी असेल तर अ‍ॅक्वामरीन घ्या. तो पाचूचाच भाऊ, दोघंही बेरिल या एकाच खनिजाचे, पण सहसा पाचूपेक्षा बराच स्वच्छ आणि मजबूत.

गारगोटी

जानेवारीचं राहिलं. गार्नेट हे एका दगडाचं नाव नाही, ते कुटुंब आहे. आपला गोमेद त्याच कुटुंबातला, हेसोनाइट नावाचा. त्यामुळे जानेवारीचा खडा आणि राहूचा गोमेद हे नात्यातले, पण एकच नव्हेत: जानेवारीसाठी सहसा विकला जातो तो लाल आल्मंडाइन किंवा जांभळट रोडोलाइट. रोडोलाइट ओडिशात मिळतो.

गोमेदाची ओळख भिंगातून फार सुंदर दिसते. सरबतात साखर विरघळताना जशा लाटा हलतात, तसं त्याचं अंतरंग दिसतं. तपकिरी काचेत तसं दिसत नाही; तिथे गोल बुडबुडे दिसतात.

लाल खड्यांसाठी चुंबकाची रीत करून बघा. लहान पण ताकदवान निओडिमियम चुंबक हवा, फ्रिजवरचा चालणार नाही. ताटलीत पाणी घ्या, थर्माकोलचा तुकडा तरंगता सोडा, त्यावर सुटा खडा ठेवा. चुंबक खड्याच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. लाल गार्नेट असेल तर थर्माकोल चुंबकामागे सरकतो. माणिक, स्पिनेल सहसा हलत नाहीत. पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्यानंच तुकडा हलेल आणि तुम्ही चुंबकाला श्रेय द्याल.

कुरुंद

जुलै आणि ऑगस्ट एकत्र घेतो, कारण माणिक आणि लाल स्पिनेल शतकानुशतकं एकच समजले गेले. फारसीत ज्याला 'लाल' म्हणत तो बदख्शानचा खडा म्हणजे स्पिनेल. ब्रिटिश राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' स्पिनेल आहे, आणि जहांगीर-शहाजहानची नावं कोरलेला ३५२.५ कॅरेटचा 'तैमूर माणिक'सुद्धा स्पिनेलच.

फरक असा: माणकातून दोन दिशांनी पाहिलं तर दोन छटा दिसतात, एक नारिंगीकडे झुकणारी लाल आणि एक जांभळटाकडे. स्पिनेल आणि गार्नेट सगळीकडून एकाच छटेचे. हे डायक्रोस्कोप नावाच्या बोटभर उपकरणातून स्पष्ट दिसतं.

स्पिनेल घ्यायचा विचार असेल तर जरूर करा, रोजच्या अंगठीसाठी मला तो फार आवडतो. कठीणता ८, सहज फुटत नाही, आणि सहसा तापवलेलाही नसतो.

आता सावधानतेचं. स्वस्त, मोठा, गडद लाल माणिक दिसला तर शिशाची काच भरलेला असण्याची दाट शक्यता. हलक्या प्रतीच्या माणकातल्या भेगांत शिसेयुक्त काच वितळवून भरतात. भिंगाखाली खडा हलवला की भेगांमध्ये निळी-जांभळी चमक दिसते आणि चपटे बुडबुडे दिसतात. अशा खड्यावर लिंबाचा रस पडला तरी काच खराब होते. तेजाबात गेला तर पांढऱ्या रेघा उमटतात आणि सोनाराच्या ज्योतीखाली खडा हाताशी लागत नाही. हा खडा विकणं गुन्हा नाही, पण तो 'काच भरलेला' म्हणूनच विकायला हवा.

आणि फक्त तापवणं वेगळं. माणिक-नीलम तापवून रंग सुधारणं ही व्यापारात मान्य गोष्ट आहे. तो रंग कायमचा असतो. तरी न तापवलेल्याचा भाव जास्त असतो, म्हणून रिपोर्टवर ती ओळ वाचायची.

शिंपला

आता एक अवघड प्रश्न. परदेशात आईच्या पदकात मुलांच्या महिन्यांचे खडे एकत्र बसवतात. मे, ऑक्टोबर आणि डिसेंबर, म्हणजे पाचू, ओपल आणि टांझानाइट एकाच पदकात बसवता येतील का?

झाळकाम

येतील, पण हे तिघंही नाजूक आहेत, त्यामुळे कामाचा क्रम चुकला तर नुकसान भरून येत नाही.

पदक १८ कॅरेट सोन्यात करा, २२ मध्ये नको. २२ चं सोनं मऊ असतं, खड्याला धरणारे प्रॉन्ग कपड्यात अडकून उघडतात. झाळायचं सगळं काम आधी: कोंदणं, वरची कडी, मागचा पत्रा. मग तेजाब, मग घासून पॉलिश. खडे अगदी शेवटी. खडे बसल्यानंतर ज्योत लावायची नाही. पुढे कडी तुटली तर लेझर वेल्डिंग असलेल्या कारागिराकडेच न्या, किंवा तिन्ही खडे उतरवून मग झाळा.

ओपलला बंद कोंदण द्या, प्रॉन्ग नको. कडेवर एकाच बिंदूत दाब आला की तो चरकतो. टांझानाइटलाही शक्यतो तसंच, तो एका पातळीत फुटतो आणि अचानक तापमान बदललं तरी तडकतो. पाचूला प्रॉन्ग चालतील, पण दाबताना घाई नको. पाचूत जन्मजात भेगा असतात आणि बहुतेक पाचूंत त्या तेलानं भरलेल्या असतात. जयपूरला सेडरचं तेल किंवा रेझिन वापरतात, कधी हिरव्या रंगाचं जोबन तेलही. रंगीत तेल असेल तर रंग तेलाचा आहे, दगडाचा नाही.

तयार झाल्यावर पदक अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घालू देऊ नका, वाफेवरही नको. तिघांनाही नको. पाचूचं तेल निघून जातं आणि आधी न दिसलेल्या भेगा पांढऱ्या दिसू लागतात. तसं झालं तर पुन्हा तेल भरून घेता येतं, त्यासाठी खडा उतरवावा लागतो.

तडजोड चालत असेल तर ऑक्टोबरला ओपलऐवजी गुलाबी टुरमलिन घ्या. कठीणता ७ ते साडेसात, रंगही पाचूशेजारी खुलतो. तो गरम झाला की धूळ ओढून घेतो, म्हणून दुकानाच्या दिव्याखालचे टुरमलिन मळकट दिसतात. साबणाच्या पाण्यानं पुसलं की झालं.

काळा_कातळ

ओपलच घ्यायचा ठरला तर कुठला ते विचारा. इथिओपियाचा वेलो ओपल सध्या सगळीकडे आहे. तो स्पंजासारखा पाणी शोषतो. पाण्यात पडला की पारदर्शक होतो आणि रंगांचा खेळ नाहीसा होतो, वाळल्यावर काही दिवसांत परत येतो. पाण्याचं तसं आहे, तेल, अत्तर, हळदीचं मात्र तसं नाही. ते आत गेलं की खडा पिवळटच राहतो. ऑस्ट्रेलियाचा ओपल सहसा असा शोषत नाही.

आणि ओपल नेहमी कडेनं बघा. कडेला सरळ रेघ दिसली तर ओपलची पातळ चकती काळ्या दगडावर चिकटवलेली असते, वरून काचेचा घुमटही असू शकतो. असा जोडलेला खडा पाण्यात भिजला की डिंक सुटतो. बंद कोंदणात कड झाकली जाते, त्यामुळे बसवण्याआधीच पाहा.

सावली_दुपारची

जूनचं कुणी सांगेल का? नथीतले मोती पिवळे पडतात ते कशानं?

झाळकाम

हळद, कुंकू, घाम, अत्तर, केसांचा स्प्रे. मोती म्हणजे चुनखडीचेच थर, आम्लानं झिजतात, आणि थरांमध्ये रंग मुरतो. नथ सगळ्यात शेवटी घालावी आणि सगळ्यात आधी काढावी. काढल्यावर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ सुती कपड्यानं एकेक मोती पुसायचा, सावलीत वाळवायचा, मलमलमध्ये गुंडाळून ठेवायचा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका. सर असेल तर नेहमी वापरातला दोरा दर एक-दोन वर्षांनी बदलावा आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घ्यावी; दोरा तुटला तर एकच मोती पडतो.

खरा मोती दातांवर हलकेच घासला तर किंचित खरखरीत लागतो, प्लास्टिक-काचेचा गुळगुळीत. भोकाच्या तोंडाशी भिंगानं बघा: खोट्या मोत्यावरचा लेप तिथे सोललेला दिसतो. मात्र खरबरीत लागला म्हणून तो बसरा, म्हणजे नैसर्गिक मोतीच, असं नाही. शेतीतला मोतीसुद्धा खरबरीत लागतो. तो नैसर्गिक की शेतीतला, हे क्ष-किरणानंच ठरतं.

कुरुंद

जूनच्या अलेक्झांड्राइटबद्दल एक ओळ. दिवसा हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली लालसर, ही त्याची खूण. स्वस्तात मिळणारा बहुतेक वेळा व्हॅनेडियम घातलेला कृत्रिम कोरंडम असतो, तो करड्या निळ्यावरून जांभळा होतो. तपासताना दुकानातल्या पांढऱ्या एलईडीवर विसंबू नका. एकदा दारात उजेडाला आणि एकदा जुन्या पिवळ्या बल्बजवळ किंवा मेणबत्तीजवळ बघा.

एकमासा

बिलाचं पूर्ण करतो, कारण धाग्याच्या नावात आहे. बिलावर खनिजाचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, कोणती प्रक्रिया, वजन कॅरेटमध्ये, आणि लांबी-रुंदी-खोली मिलिमीटरमध्ये. स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट असेल तर त्याचा क्रमांक, आणि तो लॅबच्या वेबसाइटवर टाकून वजन-माप जुळवून पाहा. दुकानानं स्वतः छापलेलं कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे.

सोन्यावरचा हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नाही. आणि खड्यांचं वजन दागिन्याच्या एकूण वजनातून वजा करून सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं हवं, नाहीतर काचेच्या खड्यालाही सोन्याचा भाव लागतो. परत घेताना खड्याचे किती टक्के देणार हेही लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी फक्त सोनं मोजतात.

सावली_दुपारची

फिरोजा राहिला. इराणी म्हणून देतात, पण तो रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक पांढरा स्वस्त दगड असतो असं ऐकलं.

गारगोटी

खूप वेळा असतो. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवा. निळा रंग कापसावर आला तर दगड रंगवलेला आहे. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारूनच करा, कारण खऱ्या फिरोज्यावरचं मेणही त्यानं निघतं. कापूस स्वच्छ राहिला तरी प्लास्टिक भरून घट्ट केलेला असू शकतो, ते लॅबमध्येच कळेल. भोक पाडलेला मणी असेल तर भोकात डोकावून बघा: आत पांढरा दिसला तर घेऊ नका.